मोटरचा मान

हर्सूलच्या काकासाहेब तुप्यांच्या घरातली एकवीस बटणं भिंतीतून निघाली आणि फोनमध्ये जाऊन बसली, त्या दिवशी त्यांच्या बायकोनं, सरूबाईंनी, एकच शंका काढली.

"आन् फोनची बॅटरी उतरली की?"

"की मग चार्जिंगला लावायचा," काकासाहेब म्हणाले.

"चार्जिंगचं बटन कुठंय?"

काकासाहेबांनी खिशातून फोन काढला, पाहिला, परत खिशात ठेवला आणि मुश्ताकभाईसाठी चहा टाकायला सांगितला.

हे खूळ मुलाचं, विश्वजीतचं. तो आणि सूनबाई तनुजा, दोघंही वाळूजला कारखान्यात. सकाळी सातला घर सोडायचे, संध्याकाळी सातला यायचे आणि मधल्या वेळात दोघांचे फोन कारखान्याच्या गेटवर जमा असायचे. म्हणजे फोनवरून घर चालवायची हौस ज्याला, त्याच्याच हातात दिवसभर फोन नाही. पण हौसेला मोल नसतं, तसं डोकंही नसतं.

शहागंजचा मुश्ताकभाई तीस वर्षं वायरिंग करत आलेला माणूस. त्यानं तीन दिवसांत जुने बोर्ड उखडले, काळ्या काचेची पॅनेलं बसवली, प्रत्येक बटणामागं काडेपेटीएवढी एक डबी दडवली आणि सगळ्या डब्या वायफायला जोडून दिल्या. दिवाणखान्यातल्या दिव्यांना डिमर बसवला. फोनवर बोट वर सरकवलं की उजेड वाढायचा, खाली सरकवलं की उतरायचा. काकासाहेबांना तो प्रकार इतका आवडला, की गच्चीवर पाणी चढवायच्या मोटरलाही त्यांनी डिमर मागितला.

"लई बोंबलती ती. जरा दमानं चालंल."

"नक्को काकासाब," मुश्ताकभाई हात जोडून म्हणाला. "बत्ती को डिमर चलता. मोटर को लगाया तो मोटर भी जाएगी और मेरी इज्जत भी."

मग मोटरला साधी डबी बसली. फोनवर तिचं एक हिरवं बटण आलं. एकदा दाबलं की मोटर चालू, पुन्हा दाबलं की बंद. शिवाय अंगणातल्या हौदात मुश्ताकभाईनं एक यंत्र सोडलं. नळाला पाणी आलं, की ते यंत्र फोनवर निरोप धाडणार होतं; टाकी भरली, की गच्चीवरचं दुसरं. हे मात्र सरूबाईंनाही पटलं. कारण नळाला पाणी यायचं आठ दिवसांतून एकदा, गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, तेही पाऊण-एक तास. हौद लहान, पंधरा-वीस मिनिटांत उतू जाईल एवढाच. तेव्हा पाणी चालू असतानाच मोटर लावायची, खालचं वर चढवत राहायचं, म्हणजे गच्चीवरच्या दोन मोठ्या टाक्या भरायच्या. गुरुवारी दोनला जो झोपला, तो पुढच्या गुरुवारपर्यंत कोरडा.

आणि या वेळचा गुरुवार नेहमीचा नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारी नातवाचं जावळ होतं. दीडशे पान. पहिला नातू, तोही लग्नानंतर सहा वर्षांनी झालेला. सरूबाईंनी त्याच्यासाठी नवस बोलले होते, ते फेडले होते, आणि या जावळाच्या स्वयंपाकात टँकरचं पाणी घालणार नाही, हे साऱ्या गल्लीला ऐकवून ठेवलं होतं. पुतणीच्या साखरपुड्याला टँकर मागवला होता, तेव्हा भाताला असा काही वास आला, की व्याह्यांनी नुसत्या जिलेबीवर जेवण उरकलं होतं.

"गुरवारी दोन्ही टाक्या काठोकाठ पायजेत," त्यांनी सोमवारीच बजावलं. "नायतर त्या बटनासकट तुम्हाला गच्चीवर चढवते."

तसं बिघडायला काहीच कारण नव्हतं. पण काम संपल्यावर मुश्ताकभाईनं काकासाहेबांचा फोन हातात घेतला आणि सहज विचारलं, "ये बटनां किसके किसके फोन पे देना है?"

विश्वजीत असता तर म्हणाला असता, घरातल्या चौघांच्या. पण विश्वजीतचा फोन गेटवर होता आणि विश्वजीत गेटच्या आत. काकासाहेबांनी चष्मा चढवला आणि लग्नपत्रिकेची यादी करायला बसावं तसे ते बसले. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. कुणाचं नाव आधी आणि कुणाचं मागं, याचा अभ्यास दांडगा.

पहिल्यांदा त्यांनी फक्त थोरली बहीण आवडाबाई हिला परवानगी दिली. आवडाबाई कन्नडला असायच्या, वय त्र्याहत्तर, घराण्यात सगळ्यांत वडील. हर्सूलचा दिवा कन्नडहून लावून त्यांनी तो विझवला आणि 'तुपे परिवार व सगेसोयरे' या ग्रुपवर नातवाकडून टाकून घेतलं, 'काकासाहेबाने मला घराचे बटन दिले.' तासाभरात पैठणहून धाकट्या बहिणीचा, रत्नमालेचा फोन.

"दादा, आक्काला दिलं ते बरंच केलं. मी काय, परक्याची."

"आगं, तुझं लिहितच व्हतो!"

रत्नमालेला दिलं, म्हणून सरूबाईंच्या भावाला, राजकुमारला द्यावं लागलं. नाहीतर घरात जेवण मिळालं नसतं. राजकुमारला दिलं तेव्हा चुलतभावांनी विचारलं, की मेहुणा जवळचा झाला का? वैजापूरचे जावई शिवराज यांना मुश्ताकभाईनं चुकून 'पाहुणा' या रकान्यात घातलं. त्या रकान्यात फक्त ओसरीवरचा दिवा लागायचा. जावयांनी तीन दिवस भर उन्हात ओसरीवरचा दिवा लावून ठेवला. चौथ्या दिवशी लेकीचा, संस्कृतीचा फोन आला. "अण्णा, ह्ये जेवत नायत नीट." जावयांना त्याच मिनिटाला मोटरसकट एकवीसच्या एकवीस बटणं मिळाली.

आठवडाभरात तुप्यांच्या घराचा ताबा सदतीस जणांकडे गेला.

त्याचे गुण लगेच दिसायला लागले. काकासाहेब संध्याकाळी पेपर वाचायला बसले, की पाच मिनिटांत अक्षरं पुसट व्हायची. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांत गुलाबपाणी घातलं, शेवटी घाबरून क्रांती चौकात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत थेंब टाकून तासभर तपासलं.

"काका, मोतीबिंदू नाही, नंबरही तोच आहे. घरात दिवे आहेत ना?"

दिवे होते. पण राजकुमारला वीज वाया गेलेली बघवत नव्हती. तो रोज सातच्या ठोक्याला आपल्या घरी बसून दिवाणखान्याचा डिमर खाली ओढायचा. "दाजी, एवढा उजेड कशाला लागतो बसायला?" तो म्हणाला. सरूबाईंनीही भावाचीच बाजू घेतली.

त्यात नातवाची भर. दीड वर्षाच्या पोराला काळी काच फार आवडली. वरणभाताच्या हातानं तो खुर्चीवर उभा राहून पॅनेल बडवायचा. वैतागून विश्वजीतनं सगळ्या पॅनेलना फोनमधूनच कुलूप घातलं. आता भिंतीवर डोकं आपटलं तरी दिवा लागणार नव्हता. जे काय व्हायचं ते फोनवरून, आणि फोन सदतीस.

गुरुवार उजाडला. जेवून काकासाहेब लवंडले होते. सरूबाई नातवाला कडेवर घेऊन हौदापाशी उभ्या होत्या. यंत्र पटलं होतं, पण त्यांचा कुठल्याही यंत्रावर भरवसा नव्हता. दोन वाजून चार मिनिटांनी नळानं आधी हवा सोडली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. हौदातल्या यंत्रानं इमानानं निरोप धाडला, 'पाणी आले आहे.' तो निरोप काकासाहेबांना गेला, तसा कन्नडला गेला, पैठणला गेला, वैजापूरला गेला, पुण्याला गेला. सदतीस फोन एकदम वाजले.

जावळाचं पाणी, हे सगळ्यांना माहीत होतं. आपली माणसं म्हणजे अडीनडीला धावून येणारी. सदतीसांपैकी निदान पंधरा जणांनी हातातलं काम टाकून बटण दाबलं.

मोटर घर्र करून सुरू झाली. थांबली. परत सुरू झाली. परत थांबली.

"आवं!" सरूबाई ओरडल्या. "ही मोटर उचकी लागल्यावानी कामून करती?"

काकासाहेबांनी झोपेतच बटण दाबलं. मोटर चालू होती, ती बंद पडली. मग त्यांनी डोळे उघडून फोन पाहिला. ओळी एकामागून एक उतरत होत्या.

'रत्नमाला यांनी मोटर चालू केली.'
'शिवराज यांनी मोटर बंद केली.'
'राजकुमार यांनी मोटर चालू केली.'
'काकासाहेब यांनी मोटर बंद केली.'

बंद कुणालाच करायची नव्हती. जो तो चालूच करायला धावत होता. पण आपल्या आधी दुसरा धावला आहे, हे फोनवर दिसायला दोन क्षण लागायचे आणि तेवढ्यात तिसरा दाबायचा. तिकडं ग्रुपवर 'मी केली चालू', 'नाही मी केली', 'छान', 'अभिनंदन' आणि गुलाबाची फुलं.

काकासाहेबांनी मुश्ताकभाईला फोन लावला.

"भाई, समदेच दाबून राहिले! थांबवायचं कसं?"

"कितने लोगां को दिया था आपने?"

"सदतीस."

"काकासाब, इत्ते लोगां तो मेरी शादी में नहीं थे. ऐसा करो, मोटर चालू रहेगी ना, तब वायफाय का डब्बा बंद कर दो. फिर कोई हाथ नहीं लगा सकता."

सल्ला सोन्यासारखा होता. पण मोटर अंगणात आणि वायफायचा डबा वरच्या मजल्यावर, विश्वजीतच्या खोलीत. काकासाहेबांचं वय चौसष्ट. "चालू झाली की हाळी दे!" असं सरूबाईंना सांगून ते जिन्यावर चढले.

"झाली!" सरूबाई खालून ओरडल्या.

काकासाहेब खोलीकडे पळाले.

"बंद झाली!"

काकासाहेब थांबले.

"झाली!"

काकासाहेबांनी जिवाच्या आकांतानं डब्याची पिन उपटली. सगळं शांत झालं. फारच शांत झालं. ते खिडकीतून डोकावले.

"आता?"

"आता मेली ती पार," सरूबाई म्हणाल्या.

पिन निघायच्या आधी अर्ध्या क्षणाला पुण्याची पुतणी अमृता हिनं ऑफिसातल्या मीटिंगमधून चोरून बटण दाबलं होतं. आता मोटर बंद होती आणि ती चालू करणं जगात कुणाच्याच हाती नव्हतं. पिन परत लावली. डब्यावरचे लाल दिवे हिरवे व्हायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात हौद काठाला आला आणि पाणी फाटकाखालून रस्त्यावर निघालं. समोरच्या लीलाबाई दोन बादल्या घेऊन आल्या.

"वाया चाललंय म्हनून भरते हां, सरूबाई," असं म्हणून त्यांनी मुलालाही पिंप आणायला पिटाळलं.

सरूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. वरच्या टाकीत अजून वाटीभरसुद्धा पडलं नसेल. "सहा वर्सं वाट बघितली ह्या लेकराची," त्या म्हणाल्या, "आन् त्येच्या जावळाचं पानी नालीला चाललंय. तुमचं मानपान घाला चुलीत!"

काकासाहेबांच्या काळजाला ते लागलं. त्यांनी घाईघाईनं ग्रुपवर लिहिलं, 'कृपया फक्त एकानेच बटण दाबावे.'

हेच लिहायला नको होतं. सरकारी नोकरीत जन्म गेला, तरी 'एकानेच' म्हटल्यावर 'कोणी' हा प्रश्न येतो, एवढं त्यांच्या लक्षात आलं नाही. ग्रुप एका क्षणात गंभीर झाला. कुणी काकासाहेबांचं नाव घेतलं, कुणी म्हणालं की बाळाच्या आत्यानं, संस्कृतीनं दाबावं. जावईबापूंच्या हस्ते व्हावं असं एका चुलतभावानं सुचवलं. त्याचं जावयांकडे काहीतरी काम होतं. शेवटी अमृतानं मीटिंगमधूनच तोडगा काढला, 'सगळ्यात मोठी आत्या. मान तिचा.'

'बरोबर,' 'एकमत,' 'आक्काच्याच हातून,' असे पटापट तीस-बत्तीस होकार पडले. आणि सगळ्यांनी, खरोखर सगळ्यांनी, आपापले हात मागं घेतले. तुप्यांच्या तीन पिढ्यांत एवढी शिस्त कुणी पाहिली नव्हती.

मोटर बंद होती. एक मिनिट गेलं. दोन गेली. कन्नडहून काही हालचाल होईना. काकासाहेबांनी आवडाबाईंना फोन लावला.

"आक्का, दाबा की!"

"काक्या, कॅलेंडर बघ आधी," आवडाबाई शांतपणे म्हणाल्या. "आज गुरवार. दीड ते तीन राहुकाळ हाय. जावळाच्या पान्याला राहुकाळात हात लावू व्हय मी? तीन वाजून एक मिन्टाला दाबते."

"आक्का, तीनला नळ जातो!"

"नळ काय, आठ दिसांनी परत येतो. येकदा लागलेला राहू परत जात नाय."

आयुष्यात पहिल्यांदाच काकासाहेबांनी थोरल्या बहिणीच्या मनाविरुद्ध काही करायचं ठरवलं. फोन ठेवला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. मोटर सुरू झाली. गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. सरूबाईंनी सुस्कारा सोडला.

'काकासाहेब यांनी मोटर चालू केली,' हे सदतीस फोनांवर उमटलं.

दहा सेकंदांनी दुसरी ओळ आली. 'आवडाबाई यांनी मोटर बंद केली.'

पाठोपाठ त्यांचा आवाज ग्रुपवर आला. "मला मान द्यायचा नव्हता तर इच्यारायचं कशाला? भर चारचौघांत बोलवायचं आन् पाट काढून घ्यायचा. मी रविवारला येत नाय."

रत्नमालेनं लिहिलं, 'आक्का नाही तर मी पण नाही.' राजकुमारनं लिहिलं, 'दाजींचं चुकलंच.' काकासाहेब ओसरीच्या पायरीवर मटकन बसले. दोन वाजून चौतीस मिनिटं झाली होती. त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात डोकं.

"आणा तो हिकडं," सरूबाई म्हणाल्या.

"काय करती?"

"बोलायचं बटन कोनतं, तेवढं दावा."

काकासाहेबांनी दाखवलं. सरूबाईंनी नातवाला त्यांच्या मांडीवर ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि फोन तोंडापाशी धरला. आवाज अगदी गोड होता.

"मी सरूबाई बोलते. समदे हायेत ना फोनवर? बरं झालं. रविवारच्याला दीडशे पान हाय. शनवारी सकाळपासून मदतीला कोन कोन येतंय? पाच किलो लसून सोलायचाय, दोन पोती कांदे चिरायचेत, मसाला वाटायचाय, रविवारी सांजच्याला भांडी घासायचीत. आत्ता ज्येच्या ज्येच्या हातात फोन हाय, त्येंनी नावं सांगा. मी लिहून घेते."

निरोप गेला. ग्रुपच्या वर 'रत्नमाला लिहीत आहे' असं दिसत होतं, ते नाहीसं झालं. राजकुमार काहीतरी बोलून पाठवत होता, तो मध्येच थांबला. निरोपाखाली निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे ऐकलं सगळ्यांनी. मग एकेक करत सगळे दिसेनासे झाले. पुण्याच्या अमृताला मीटिंगमध्ये अचानक लक्ष द्यावंसं वाटलं. पैठणला रेंज गेली. वैजापूरला चार्जिंग संपलं. आणि बटण दाबायचं म्हणजे नाव उमटायचं. नाव उमटलं म्हणजे माणूस फोनवर आहे, जागा आहे, रिकामा आहे आणि त्याला लसूण सोलता येतो, हे उघड व्हायचं. एवढा धोका कोण पत्करणार?

सरूबाईंनी हिरवं बटण दाबलं.

मोटर सुरू झाली ती सुरूच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काकासाहेब फोनकडे बघत होते. एकही ओळ उतरली नाही. सदतीस माणसांचा भरला ग्रुप स्मशानासारखा गप्प होता. तीन वाजता नळ गेला. तरी हौद भरलेला होता, मोटर ते पाणी वर ओढत राहिली. सव्वातीनला दुसऱ्या टाकीच्या तोंडातून पाण्याची धार गच्चीवर पडली आणि सरूबाई मोठ्यानं हसल्या.

टाकी भरल्याचा निरोपही सगळ्यांना गेला. कुणी मोटर बंद करतंय का, म्हणून काकासाहेबांनी सवयीनं क्षणभर वाट पाहिली. कुणीही केलं नाही. मग त्यांनी स्वतःच बटण दाबलं. दुपारभरात पहिल्यांदाच त्यांच्या दाबण्याला काही अर्थ आला.

जावळ थाटात झालं. आवडाबाईंना आणायला काकासाहेब स्वतः कन्नडला गेले आणि पहिला आहेर त्यांच्या हातून करवला, तेव्हा राग निवला. शनिवारी मदतीला कुणी फिरकलं नाही. रविवारी मात्र सगळे साडेबाराला, पानं मांडायच्या वेळेला बरोबर हजर झाले. भातावर वरण घेता घेता प्रत्येकानं काकासाहेबांना बाजूला घेऊन सांगितलं, की त्या दिवशी शेवटी बटण खरं तर मीच दाबलं होतं, म्हणून पाणी चढलं. सरूबाई वाढत होत्या. त्यांनी सगळ्यांना पाणी भरपूर दिलं.

सोमवारी मुश्ताकभाईला बोलावणं गेलं. तो फोन घेऊन ओसरीवर बसला.

"बोलो काकासाब, किसको किसको निकालना है?"

काकासाहेबांनी यादी उघडली. आवडाबाईंना काढणं शक्य नव्हतं. आत्ताच तर रुसवा निघाला होता. रत्नमालेला काढलं, तर दिवाळीला ओवाळायला कोण येणार? राजकुमारच्या नावापाशी बोट गेलं, तेव्हा स्वयंपाकघरातून भांडं जरा जोरात आदळलं. जावयांच्या नावाला तर हात लावायची सोयच नव्हती. चुलतभावांत एकाला काढावं, तर चौघं जातात. तासभर ते यादीवरून बोट खालीवर फिरवत राहिले. शेवटी एक नाव सापडलं.

"मलाच काढा," ते म्हणाले.

"आप तो मालिक है."

"म्हनून तर. माझा मी रुसलो तर माझी मी समजूत काढतो. बाकीच्यांचं काय करायचं?"

मुश्ताकभाईनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि तो अंगणात जाऊन मोटर पाहून आला.

"कायकू किसीको निकालते? बटन रहने दो सबके फोन में," तो म्हणाला. "मैं पीछे से तार निकाल डालता. मोटर को अलग से साधा बटन लगा देता. भाभी दबाएगी."

काकासाहेबांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी मुश्ताकभाईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या गुरुवारी दोन वाजून सहा मिनिटांनी नळाला पाणी आलं. सरूबाईंनी भिंतीवरचं नवं पांढरं बटण अंगठ्यानं खाली दाबलं. मोटर एका सुरात चालायला लागली. काकासाहेब शेजारी खुर्ची टाकून फोनवरच्या ओळी वाचत बसले. रत्नमालेनं चालू केली, शिवराजांनी बंद केली, राजकुमारनं चालू केली, चुलतभावानं बंद केली. ग्रुपवर भांडण रंगात आलं. तिकडं टाक्या भरत होत्या. बरोबर तीन वाजून एका मिनिटानं शेवटची ओळ उतरली आणि सगळे गप्प झाले. काकासाहेबांनी दोन्ही हातांनी सावकाश टाइप केलं, 'सर्वांचे मनापासून आभार. तुमच्यामुळे पाणी भरले.'

"कुनी चालू केली म्हनं आज?" सरूबाईंनी विचारलं.

"आक्कानं."

"बरं बाई, त्येंना आठवन तरी राहती," सरूबाई म्हणाल्या. "नायतर आपलं कसं झालं असतं?"

आणि वरच्या टाकीचा आवाज बदललेला ऐकून त्यांनी मोटर बंद केली.